कल्ले

पेनिशच्या लिलावघराच्या माडीवर माझी खोली.
खिडकी धक्क्याकडे, काचेवर मिठाचा पापुद्रा.
तिथे बसून मी मार्चमध्ये
एका फाइलीत तीन ओळी लिहिल्या,
दोन दोन स्पेस सोडून, टॅब न वापरता.

पहिली साठवण नकाशाची:
कुठल्या तक्त्यात बोटी, कुठल्यात पेट्या,
वजन कुठल्या खणात.
हे काही रोज बदलत नाही.
तरी लायब्ररी दर हाकेला पहिल्यापासून वाचत बसायची,
महिनाभर राहिलेल्या पाहुण्यानं
रोज सकाळी मोरी कुठे विचारावं तशी.
तिला म्हटलं, एकदा वाच आणि लक्षात ठेव,
मी नवं काही चढवेपर्यंत.

दुसरी प्रश्नांची.
माणसं तेच तेच विचारतात,
तारली काय भाव, बांगडा काय भाव.
डेटाबेसच्या भाषेत एकदा उलथून ठेवलं की झालं.

तिसरी उत्तरांची.
इथे मुदत लिहावी लागते, सेकंदांत.
मी लिहिलं साठ.
मग आठवला पहाटे साडेपाचचा सर्व्हर,
अकराशे फोन एकदम, धाप लागलेला,
आणि साठ खोडून
छत्तीसशे केलं.

याला कॅश म्हणतात.
पैशाशी संबंध नाही, असं मी
शिकाऊ पोराला हसत सांगायची.

पान झरझर उघडू लागलं.
हिशेबाच्या टेबलावरून लियोनील्दबाईंनी अंगठा दाखवला.
आलेख सपाट, ओहोटीच्या वाळूसारखा.

नवव्या दिवशी दक्षिणेच्या बोटी रिकाम्या आल्या.
सहा वाजून दहा मिनिटांनी तारली चढली,
एक युरो दहावरून दोन चाळीसवर.
खाली घंटा वाजली, खडूनं फळ्यावर लिहिलंही.
समुद्रात झेफेरीनूनं फोन पाहिला:
एक दहा.
अर्ध्या तासानं पुन्हा पाहिला:
एक दहा.
डबेवाल्या कारखान्याच्या माणसाला त्यानं शब्द दिला.
चौऱ्याण्णव पेट्या.

तो जिना चढून आला तो ओरडायला नाही.
कीबोर्डाशेजारी एक मासा ठेवला,
अंगठ्यानं कल्ला उचलला.
“लाल. म्हणजे आजचा.
तपकिरी असता तर मीच परत नेला असता.
तुझ्या आकड्याला कल्ला कुठंय?”

नव्हता.
आकडा तासाभरानंतरही तसाच दिसतो,
तेवढाच ठळक, तेवढाच खात्रीचा.
त्याला वास येत नाही.

रात्री मी भाव साठवणं बंद केलं.
बदलला की वाच, नाही बदलला तरी वाच,
सर्व्हर दमला तर दमू दे.
फक्त बोटींची यादी तासाच्या मुदतीवर ठेवली.
बोटी कुठे रोज बदलतात.

फरकाचे पैसे त्याला कुणी दिले नाहीत.
चूक माझी, असं मी एकदा म्हणाले.
“माहीत आहे,” तो म्हणाला
आणि पोतं खांद्यावर घेतलं.

नोव्हेंबरात कागद आला.
बोट: बोआ नोवा.
मालक: झेफेरीनू काशेइरा.
मोडीत काढली. नोंद रद्द करावी.

मी ओळ पुसली. डेटाबेसमधून ती त्याच क्षणी गेली.
खालच्या मोठ्या पडद्यावर मात्र होती,
नाव, नंबर, मालक, चार खण,
डावीकडून तिसरी.

सगळं रिकामं करायचा एक हुकूम असतो,
एका ओळीचा, भिंतीवर चिकटवलेला आहे.
मी तो टाइप केला.
मग खिडकीतून पाहिलं.
झेफेरीनू पडद्याखाली उभा,
काखेत पाव, मान वर.
तो वाचत होता की नुसता बघत होता, कळेना.

मुदतीची एक्केचाळीस मिनिटं उरली होती.

मी एंटर दाबलं नाही.
खाली लियोनील्दबाई त्याच्या कॉफीत
साखर ढवळत होत्या, तो घेत नाही तरी.